टि-डिंग! व्हिडिओ गेममधला तुमचा आवडता आवाज कोणता?

परवा स्वारगेटहून कात्रजला जाताना बसमध्ये कुणाचा तरी मोबाईल वाजला. मेसेज आल्याचा आवाज, जेमतेम सेकंदभराचा. टि-डिंग. मारिओने नाणं घेतलं की येतो तो. कॉलेजची पोरं फोनमध्ये माना घालून बसली होती ती तशीच बसून राहिली. वर झाल्या त्या तीनच माना, तिन्ही पिकायला लागलेल्या. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुण्याच्या रीतीप्रमाणे एक अक्षर न बोलता खिडकीबाहेर बघू लागलो.

तेव्हा ते राहिलं, म्हणून इथे विचारतो. टीव्हीला जोडायच्या त्या जुन्या व्हिडिओ गेमचा कोणता आवाज तुमच्या कानात अजून बसलाय? संगीत नको, मारिओची चाल सगळ्यांनाच येते. आवाज हवा. उडीचा, आपटल्याचा, मेल्याचा. तो कुठे ऐकलात, कुणाच्या घरी, तेही सांगा. आणि जमलं तर आवाज अक्षरांत लिहा, त्यात फजिती होते पण मजा येते.

सुरुवात माझ्यापासून. माझा आवाज विटेचा. मारिओ लहान असताना विटेला डोकं आपटलं की नुसतं 'ढुप्'. मशरूम खाऊन मोठा झाला की तीच वीट 'खर्रश्श' करून फुटते. लोणावळ्याची चिक्की दाढेखाली आली की डोक्याच्या आत जसा आवाज होतो, डिट्टो तसा. मी नाणी सोडून विटाच फोडत बसायचो. दादा म्हणायचा, हा मोठेपणी बिल्डर होणार. झालो नाही. आता तुमची उत्तरं, वर ज्याचा त्याचा भाग.

नारायण पेठ

आई घरी गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. बाहेरच्या खोलीत पेटी आणि मुली, आतल्या खोलीत टीव्ही आणि मी. मधे दार नव्हतं, पडदा होता. आवाज बारीक ठेवायचा या अटीवर गेम लावायची परवानगी.

मारिओच्या पहिल्याच टप्प्यात एका पाइपातून खाली उतरता येतं. तिथे नाण्यांची खोली आहे, मोजून १९ नाणी. त्या दिवशी मला ती पहिल्यांदा सापडली आणि आवाज बारीक करायचं भान राहिलं नाही. टि-डिंग टि-डिंग टि-डिंग. पडदा बाजूला झाला.

"मघापासून सा-म, सा-म काय लावलंय?"

मी म्हटलं, नाणी आहेत. ती काही न बोलता बाहेर गेली. पेटीवर पांढरी सात वाजली, मग वरच्या सप्तकातली पांढरी तीन. "परत घे गं ते नाणं," बाहेरून आवाज आला. मी घेतलं. तिने परत पेटी दाबली. मग अगदी गंभीरपणे म्हणाली, "उतरलाय."

"कोण?"

"तुझा तो मिशीवाला."

बाहेर सगळ्या मुली फिस्सकन हसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस शिकवणीत कुणाचा सूर खाली गेला की आई म्हणायची, मिशीवाला होऊ नको.

निगडी

काँट्रा. 'एस' उचलला की येतो तो आवाज. ज्याला माहीत आहे त्याला पुढे सांगायला नको आणि ज्याला नाही त्याला सांगून उपयोग नाही. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए.

शनिवार पेठ

मला गेम खेळायला मिळालाच नाही, तरी लिहिते.

आमच्या वाड्यात दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझा भाऊ आणि त्याचे चार मित्र, मागे स्वयंपाकघरात आई आणि मी. रिमोट दोनच. आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो. माझा नंबर पाचांनंतर, आणि तोवर पोळ्यांची वेळ झालेली असायची. मी लाटायचे, आई भाजायची, आणि मारिओ भिंतीपलीकडे.

सहा महिन्यांत मला तो अख्खा गेम कानाने पाठ झाला. कासवावर पाय पडला, झेंड्याच्या खांबावरून घसरला, वेळ शंभराच्या खाली आला, सगळं कळायचं. वेळ संपत आली की ती एक घाईची तुतारी वाजते आणि चाल आणखी जोरात पळते. ती वाजली की मी आतून ओरडायचे, "पळ रे!" तो ओरडायचा, "तुला काय कळतंय?"

एकच आवाज मला कायम चकवायचा. 'डुव् डुव् डुव्'. पाइपात शिरतानाही हाच आणि शत्रूला लागून मोठ्याचा लहान होतानाही हाच. मला वाटायचं भिंतीमुळे मला फरक कळत नाही. लाटणं हातात धरून विचारायचे, "पाइपात गेलास का छोटा झालास?" भावाला वाटायचं मी चिडवतेय. परवा मुलाच्या लॅपटॉपवर मुद्दाम चारचारदा लावून ऐकलं. फरक नाहीच. त्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये, जागा एवढी थोडी होती की करणाऱ्यांनी एकाच आवाजावर दोन्ही कामं भागवली.

मग एकदा भावाला कांजिण्या आल्या. तो गादीवर, मित्रांना यायची बंदी, आणि रिमोट माझ्या हातात. पहिल्याच टप्प्यात पाइप संपल्यावर, पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे, हवेत एक न दिसणारा ठोकळा असतो, त्यात जादा जीव. मी तिथे आले, उडी मारली, आणि बरोबर तो हिरवा मशरूम बाहेर आला. भाऊ अंगावरचे फोड विसरून उठून बसला. "तुला कुणी दाखवलं?" दाखवलं कुणीच नव्हतं. रोज त्याच जागी एक 'ढुप्' आणि मागोमाग ते सहा सुरांचं टिटिटिटि ऐकत होते की.

तेव्हा माझा आवडता आवाज ते सहा सूर.

बिबवेवाडी

टँक. खरं नाव बॅटल सिटी, नामकोचा, १९८५चा, हे मला चाळिशीत कळलं. आमच्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत गेम मोजून अकरा, तेच परत परत.

आजोबा दुपारी दोन ते चार झोपायचे. त्या वेळात टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. मुका टँक खेळून बघा, अजिबात जमत नाही. उभं असताना इंजिन 'घुर्र' करतं, चालायला लागलं की वेगळं घरघरतं, गोळी लोखंडी भिंतीला लागली की 'टण्'. यातलं काही नसलं की आपण नुसते ठोकळे हलवतोय असं वाटतं. मग दादाने तोडगा काढला. खेळताना तो दोघांचंही इंजिन तोंडाने करायचा, दबक्या आवाजात. माझ्या टँकला त्याने मुद्दाम किरकिऱ्या लूनाचा आवाज दिला होता. मी थांबलो तरी लूना चालूच. मी म्हणायचो थांबव, तो म्हणायचा ब्रेक लागत नाहीत. एकदा हसता हसता त्याचा पाय ट्रान्सफॉर्मरच्या वायरीत अडकला आणि सगळं बंद पडलं. आतून आजोबा म्हणाले, "लूनाचं पेट्रोल संपलं वाटतं."

कोथरूड

डक हंटमधला कुत्रा. 'हिहिहिहि'. बदक सुटलं की गवतातून वर येऊन हसतो तो नालायक. त्याच्यावर गोळी चालत नाही, सगळ्यांनी चालवून बघितलेली आहे.

माझ्या भाच्याला दाखवायचं म्हणून गेल्या दिवाळीत माळ्यावरून गेम काढला, बंदूक काढली, नव्या सपाट टीव्हीला जोडला. चित्र आलं, आवाज आला, बदक एकही मरेना. टीव्हीला नळी टेकवून मारलं तरी नाही. कुत्रा हसतोय, भाचा हसतोय. नंतर कारण कळलं. त्या बंदुकीतून काही सुटत नाहीच, उलट ती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतल्या डोळ्याला तो उजेड ठरल्या क्षणी दिसला तर नेम लागला. जुन्या पिक्चर ट्यूबवर उजेड तत्काळ पडतो, नवे टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतात, तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. आधी काळा पडदा तपासते म्हणूनच लहानपणी ट्यूबलाइटवर नेम धरून कुत्र्याला फसवणं मला जमलं नव्हतं. तीस वर्षांनी शंका फिटली.

तपकीर गल्ली, दुकान आता बंद

गेमचा आवाज सांगत नाही, नियम मोडतोय. मी हे गेम दुरुस्त करायचो. मे महिन्यात दिवसाला वीस-वीस यायचे, पालक काउंटरवर ठेवून म्हणायचे, परीक्षा झाली, चालू करून द्या. काउंटरवरच्या टीव्हीकडे बघायलाही सवड नसायची. पाठ करून दुसरं काही सोल्डर करत असलो तरी आवाजावरून रोग कळायचा. नुसतं 'हूं' आलं तर ट्रान्सफॉर्मर किंवा आतला कपॅसिटर गेलेला. 'खर्रर' आलं तर टीव्हीचं चॅनल नीट लागलेलं नाही, मशिनला काही झालेलं नाही, पोराला समजावून घरी पाठवायचं. मेनूचं गाणं सुरू होऊन एकाच सुरावर अडकलं, 'टीईईईई', तर कॅसेटचा संपर्क.

आता सांगतो, कॅसेटमध्ये फुंकर मारणारे सगळे चुकत होते. फुंकरीने चालायची असं वाटायचं, पण चालायची ती काढून परत घातल्याने. तोंडातली वाफ बसून पितळी पट्ट्या काळ्या पडायच्या. आम्ही शाळेतलं खोडरबर घासायचो आणि स्पिरिटचा बोळा फिरवायचो. त्याचे दहा रुपये.

आवडता आवाज: स्विच वर सरकवल्याचा 'खट्ट'. त्यानंतर अर्धा सेकंद शांतता असते. काउंटरपलीकडचं पोर तेवढा वेळ श्वास घेत नाही.

*(मान्य. तुम्हाला नियम माफ.)*

कॅम्प

वरचे सगळे मारिओवाले दिसतायत. आमच्याकडे सेगा होता, म्हणजे माझ्याकडे नाही, वर्गमित्राकडे, ईस्ट स्ट्रीटच्या मागे. सॉनिक, १९९१चा. चालू केलं की कोरसमध्ये 'सेऽऽगाऽ'. असं म्हणतात की त्या एका आरोळीनेच कार्ट्रिजचा आठवा हिस्सा खाल्ला होता.

पण माझा आवाज सॉनिक गोळा करतो त्या कडीचा, 'झ्लिंग'. त्याच्या यंत्राला पुढे हेडफोनची जागा होती. त्याच्या घरी रात्री आवाज चालत नसे म्हणून आम्ही त्याच्या बहिणीच्या वॉकमनचा हेडफोन आडवा धरून एकेक कान वाटून घ्यायचो. डावा माझा, उजवा त्याचा. तर गंमत बघा, सॉनिकमध्ये एक कडी डाव्या बाजूला वाजते, पुढची उजव्या, परत डाव्या. आम्हाला हे माहीत नव्हतं. मी म्हणायचो, दहा घेतल्या पण पाचच वाजल्या. तो म्हणायचा, मलाही पाचच. दोघांनी मिळून हेडफोन खराब आहे असा निष्कर्ष काढला आणि बहिणीला तसं सांगितलंही. तिने आम्हाला मारलं.

वडगाव शेरी

रोड फायटर, पेट्रोल संपतानाची पिपाणी. गुरुवारी लाइट जायची त्या दिवशी सोडून रोज ऐकली. स्वतःची गाडी रिझर्व्हला लागली की अजून पोटात कालवतं.

औंध

नारायण पेठेतल्या आईंना आधी नमस्कार. त्यांचा कान शंभर टक्के बरोबर होता.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. आपल्याकडे होते ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ यंत्र १९८३ साली जपानमध्ये आलं. त्यातली रिकोची चिप सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांवर चालते आणि सुराची उंची त्या ठोक्यांवरूनच ठरते. आपल्यासारख्या पॅल टीव्हीच्या (पॅल ही टीव्हीच्या चित्राची पद्धत) देशांसाठी केलेल्या बऱ्याच नकलांमध्ये हे ठोके सुमारे १७ लाख ७३ हजार. म्हणजे जवळजवळ एक टक्का कमी. साध्या कानाला कळत नाही. रोज पेटीशेजारी बसणाऱ्याला कळणारच.

त्यापुढची गोष्ट जास्त गमतीची आहे. त्या चिपमध्ये आवाजाच्या पाचच वाटा. दोन सुरांच्या, एक खर्जाची, एक नुसत्या खरखरीची (विटेची चिक्की तिथे फुटते), आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांची. एकाच वेळी संगीतही हवं आणि आवाजही, मग उसनवारी चालते. नाणं वाजतं तेव्हा चालीतला तेवढा सूर गिळला जातो. मेंदू तो भरून काढतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आता मुद्दाम ऐका, चाल मधेमधे फाटलेली दिसेल. आणि अनेक नकलांमध्ये सुरांच्या लाटेच्या दोन मापांची अदलाबदल झालेली आहे. मूळ यंत्रात जो सूर पोकळ वाजतो तो आपल्याकडे नाकातला, आणि नाकातला तो पोकळ.

काही वर्षांपूर्वी कामासाठी टोकियोला गेलो होतो. अकिहाबारात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मूळ फॅमिकॉम चालू होता, मारिओच. मी दोन मिनिटं ऐकत उभा राहिलो आणि जिभेवर आलेलं वाक्य कसंबसं गिळलं: काका, तुमचं मशीन बिघडलंय.

नारायण पेठ, परत

वरचं सगळं आईला वाचून दाखवलं. ठोके, टक्का, नकला, सगळं. तिने चष्मा काढून ऐकलं.

मग म्हणाली, "अगं, तेव्हाच तपकीर गल्लीत नेऊन लावून आणायचा ना सुरात."