दोन लिंक्ड लिस्टची अदलाबदल: पॉइंटर बदलावेत की डेटा?

चर्चाप्रस्ताव: सॉफ्टवेअर अभियंता, राजारामपुरी, कोल्हापूर

येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दोन लिंक्ड लिस्टमधील (डेटा आणि पुढच्या नोडचा पत्ता ठेवणाऱ्या नोडांच्या साखळ्यांमधील) घटक परस्परांत बदलण्याचा प्रोग्राम विचारला होता. एका विद्यार्थिनीने फक्त दोन्ही हेड पॉइंटरांची (पहिल्या नोडचा पत्ता ठेवणाऱ्या पॉइंटरांची) अदलाबदल केली, म्हणून ‘डेटा हलवलाच नाही’ असे सांगून तिचे गुण कापले गेले. माझ्या मते तिचेच उत्तर योग्य होते. लिस्टमध्ये ५ नोड असोत वा ५ लाख, हेड बदलण्याचे काम तेवढेच राहते. डेटा बदलायचा तर ३ आणि ५ नोडांच्या लिस्टमध्ये पहिल्या तीन जोड्या बदलून झाल्यावर उरलेले दोन नोड तोडून दुसरीकडे जोडावेच लागतात. म्हणजे पॉइंटरांपासून सुटका तिथेही नाही.

प्रतिसाद: डेटा स्ट्रक्चर्सच्या प्राध्यापिका

सर, वेगाबद्दल माझा वाद नाही. पण सी भाषेत फंक्शनला हेडची प्रत मिळते, त्यामुळे पॉइंटरचा पत्ता न पाठवता केलेली अदलाबदल फंक्शनबाहेर दिसतच नाही, आणि हे न समजता अदलाबदलीच्या तीन ओळी पाठ करून येणारी मुले मी दरवर्षी पाहते. डेटा बदलताना लिस्ट शेवटपर्यंत फिरावी लागते, असमान लांबी हाताळावी लागते. शिकण्याच्या टप्प्यावर मला तेच हवे आहे. शिवाय एखाद्या नोडचा पत्ता बाहेर कोणी जपून ठेवला असेल, तर हेड बदलल्यावर तो नोड गुपचूप दुसऱ्या लिस्टमध्ये गेलेला असतो.

प्रस्तावकाचे उत्तर

मॅडम, तो नोड आपला डेटा घेऊनच जातो, हीच तर जमेची बाजू आहे. सी++ च्या स्टँडर्ड लिस्टमध्ये स्वॅपनंतर घटकांकडे बोट दाखवणारे इटरेटर (लिस्टमधून फिरण्याच्या खुणा) वैध राहतात, ते याच कारणाने. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे उदाहरण घ्या: गाळप हंगामात ट्रॉल्यांच्या नोंदी एका लिस्टमध्ये येत राहतात आणि दुसरा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) त्या डेटाबेसमध्ये भरतो. लॉक घेऊन (म्हणजे तोवर इतर थ्रेडना लिस्टला हात लावू न देता) भरलेली लिस्ट रिकाम्या लिस्टशी बदलली की लॉक लगेच सुटतो. एकेक नोंद हलवत बसलो, तर तेवढा वेळ नव्या नोंदी अडून राहतील. पाठांतराची शंका असेल तर तोंडी परीक्षेत विचारावे, बरोबर उत्तराचे गुण कापू नयेत.

प्रतिसाद: एम्बेडेड प्रोग्रामर, शिरोली औद्योगिक वसाहत

हेड बदलणे नेहमीच इतके सरळ नसते. चक्राकार दुहेरी लिस्टमध्ये (प्रत्येक नोड मागच्या-पुढच्या नोडला आणि शेवट सुरुवातीला जोडलेली) हेडर नोड, म्हणजे डेटा नसलेला सुरुवातीचा नोड, लिस्टच्या रचनेतच असेल, तर त्याचे दोन पॉइंटर बदलून भागत नाही, कारण शेवटचा नोड अजून जुन्या हेडरकडेच बोट दाखवतो. मग पहिली लिस्ट फिरताना लूप दुसऱ्या लिस्टच्या हेडरवर पोहोचतो, त्यालाच नोड समजून डेटा वाचतो आणि पुढे दुसरी लिस्टही फिरून येतो. म्हणून दोन्हीकडच्या पहिल्या आणि शेवटच्या नोडांची जोडणी दुरुस्त करावी लागते, आणि रिकाम्या लिस्टचा हेडर पुन्हा स्वतःकडे वळवावा लागतो. मॅडमना मुलांची समजच पारखायची असेल, तर परीक्षेत हा प्रकार द्यावा; पाठ केलेल्या तीन ओळी इथे चालणार नाहीत.