ट्रॅक्टरवर लाकूड फोडायचं मशीन: डिझेल भरपूर, माल थोडा

केडगावकर
नमस्कार मंडळी. दौंड तालुक्यात आमची जळणाची वखार आहे. माल म्हणजे बाभूळ, सुबाभूळ, थोडी निलगिरी. गिऱ्हाईक सोलापूर रस्त्यावरचे ढाबे आणि मंगल कार्यालयांचे आचारी.

ट्रॅक्टर ४५ एचपी. पीटीओवरून (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट) पट्ट्याने ७०० एमएमचा गोल आरा फिरतो आणि ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर फोडायचा जॅक लावलाय, १०० एमएम बोअर (आतला व्यास), ६०० स्ट्रोक (पुढे सरकायची लांबी). तुकडे सव्वा फुटाचे. दोन्ही कामं एकदम चालतात. जॅक गोगलगायीसारखा सरकतो म्हणून पोरं ॲक्सिलेटर शेवटपर्यंत ओढून ठेवतात. दुपारपर्यंत होजला हात लाववत नाही इतकं तेल तापतं. लग्नसराईआधी ५५ एचपीचा घ्यावा का? घरचे म्हणतात घ्या, माझं मन होत नाही.

भोसरीचा फिटर
दादा, ट्रॅक्टर विकायला काढू नका. ताकद आहे तुमच्याकडे, तेल नाही.

जॅकचा जोर प्रेशरवर ठरतो आणि वेग तेलावर. तुमचा १०० चा बोअर १८० बारला १४ टन जोर देतो, बाभळीला पुष्कळ झाला. पण तो ६०० एमएम पुढे जायला ४.७ लिटर तेल पितो. ट्रॅक्टरकडून मिनिटाला २० लिटर मिळतंय असं धरू, तर जायला १४ सेकंद आणि यायला साधारण १०. आता ५५ एचपीचा आणलात आणि त्याचाही पंप तेवढाच निघाला, तर जॅक आहे तसाच सरकणार. कोणी "मोठा बोअर टाका" म्हणालं तर त्याचंही ऐकू नका. १२५ चा बोअर दीडपटीहून जास्त तेल मागतो, म्हणजे अजून हळू.

पैसे खर्च करण्याआधी एक करा. सव्वा फुटाच्या तुकड्यासाठी जॅक ६०० मागे का न्यायचा? ४०० वर परत थांबेल असा स्टॉपर लिव्हरच्या दांडीला बसवा. २४-२५ सेकंदांचा फेरा १६-१७ वर येतो. सरळ ओंडका तर पाचर निम्मी शिरली की उकलतो, तिथूनच लिव्हर मागे घ्यायची.

तेल का तापतं? गाठ अडकली तरी पोरगा लिव्हर दाबून उभा राहतो आणि सगळं तेल रिलीफ वॉल्व्हमधून, म्हणजे जादा प्रेशरचं तेल सोडून देणाऱ्या वॉल्व्हमधून, परत जातं. मिनिटाला २० लिटर, १८० बारवर, म्हणजे ६ किलोवॅट. ती सगळी नुसती उष्णता. आठ एचपीचं डिझेल जाळून तुम्ही तेल उकळताय.

आणि ॲक्सिलेटर शेवटपर्यंत ओढणं आजच बंद करा. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर येतो तो इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. समजा १६०० आहे आणि पोरांनी २१०० केला, तर पीटीओ ७०० च्या पुढे. चकती १४०० ऐवजी १८०० फेऱ्यांनी फिरतेय. चकतीवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात, ते वाचा. मला तर या धाग्यात डिझेलपेक्षा त्याचीच भीती वाटतेय.

खर्च करायचाच तर स्वतंत्र पंप घ्या. आऱ्याचा पट्टा ओढणारी पुली पीटीओच्या ज्या शाफ्टवर आहे त्याच्या मोकळ्या टोकाला १:३ चा गिअरबॉक्स आणि २५ सीसीचा (एका फेऱ्याला २५ सीसी तेल देणारा) गिअर पंप. मिनिटाला ४० लिटरच्या आसपास मिळेल, निदान ८० लिटरची टाकी ठेवा. पूर्ण प्रेशरला हा १९-२० एचपी मागेल, पण सरळ लाकडात ते क्वचितच येतं. दुसरा फायदा, बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. सालीचा भुसा रॉडवरून सीलमधून आत जातो. तो गिअरमध्ये कशाला?

भोरची ताई
दादांनी तेलाचं सांगितलं, मी लाकडाचं सांगते. बाभूळ ओली असतानाच फोडा. वाळली की दगड. फोडलेली वाळतेही लवकर. गाठीचे ओंडके बाजूला ढीग करून ठेवायचे आणि शेवटी एकाच पाचरीवर घ्यायचे, सरळ निलगिरीला मात्र चौफुली पाचर लावा. सगळं मिसळून फोडायला बसलात की दर चौथा ओंडका अडतो. ट्रॉलीही मशीनच्या उंचीला लावा. आमच्याकडे वेळ जायचा तो वाकून उचलण्यात, जॅकमध्ये नाही.

अजून एक. लाकूड ठेवणारा आणि लिव्हर ओढणारा एकच माणूस पाहिजे. दोघं झाले की बोटं जातात. आणि शाफ्टवर कव्हर नसेल तर गमछा, उपरणं घातलेल्याला जवळ फिरकू देऊ नका.

निलगिरीवाला
आरा पीटीओवर असला तरी आरा गिरणीच्या परवान्याचा प्रश्न येऊ शकतो. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विचारून ठेवा. तोंडी उत्तराचा पुढे उपयोग होत नाही.

केडगावकर
मॅन्युअल काढलं. ५४० ला १६५० लिहिलंय, हँड ॲक्सिलेटरला तिथेच खूण केली. चकतीवर १५०० छापलंय, पोरांना दाखवलं तर गप्प. स्टॉपर गावातल्याच वेल्डरकडून होईल. पंपाचं विचारतो, आरा आणि जॅक एकदम चालले तर ४५ एचपी दमणार नाही ना?

भोसरीचा फिटर
पीटीओवर ३८-४० एचपी मिळतात. जाड ओंडका आऱ्यात आणि गाठ जॅकमध्ये एकाच वेळी आली तर इंजिन दबेल, तेवढ्यापुरती लिव्हर सोडायची. म्हणूनच ताईंचं गाठींचा ढीग वेगळा ठेवायचं आधी करा, मग पंप. गिअरबॉक्स घेताना शाफ्ट कुठल्या दिशेला फिरतो ते सांगा. उलट दिशेचा पंप आणला तर तेल ओढणार नाही आणि सील फुटेल.

केडगावकर
मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. पुलीच्या शाफ्टचा फोटो उद्या टाकतो.