तास मोजून ‘उत्कृष्ट स्वयंसेवक’ ठरवायचा का? मला तर हा पुरस्कारच नको वाटतोय

फिरता_पंखा
पालिकेच्या स्वयंसेवक उपक्रमात मी चार वर्षं आहे, वाचनालयात पुस्तकं लावणं, पूर आला की मदत केंद्रावर बसणं, असलं काहीबाही. यंदापासून ‘उत्कृष्ट स्वयंसेवक’ पुरस्कार सुरू केलाय आणि निकष एकच, वर्षभरात भरलेले तास. आधी हजेरीच्या रजिस्टरकडे कुणी ढुंकून बघायचं नाही, आता त्याच्यापुढे रांग. परवा सहज पानं चाळली तर एका गृहस्थांच्या तीन महिन्यांच्या सह्या एकाच शाईत, एका बैठकीत मारल्यासारख्या, आणि सगळीकडे चार तास, चार तास, चार तास. मधल्या एका दिवशी तर वाचनालय बंद होतं! उलट ज्या ताई रोज रात्री फोन घेऊन बसतात, उद्या कोण येणार कोण टांग देणार याचा मेळ घालतात, त्यांच्या नावापुढे महिन्याचे सहा तास. फोनवरचं कोण लिहितंय. माझं मत, बंद करा हे.

जुनी_वही
कॉपी होते म्हणून परीक्षाच रद्द करा म्हणताय तुम्ही. रजिस्टर खोटं असेल तर रजिस्टर सुधारा ना राव. कौतुकाने माणसं टिकतात हे नुसतं बोलायचं नाही, तपासलं गेलंय. जर्मन विकिपीडियावर याना गालूस नावाच्या संशोधिकेने सुमारे ४००० नवीन संपादकांवर प्रयोग केला, काहींना नुसता एक मानाचा पुरस्कार दिला, पैसा शून्य, तर पुढच्या महिन्यात काम करत राहिलेल्यांचं प्रमाण २० टक्क्यांनी वाढलं. अभ्यास २०१७ साली छापून आलाय. फुकटात काम करणाऱ्यांचीच गोष्ट आहे ही, म्हणजे आपलीच.

आडवा_प्रश्न
वही, त्या नवीन लोकांना आधी सांगितलं होतं का की इतकं केलंत की पुरस्कार मिळेल? नव्हतं. सगळी गोम तिथेच आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांवर प्रयोग केला होता. काहींना आधीच कबूल केलं की चित्र काढा, सोनेरी शिक्का आणि रिबनवालं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर अचानक दिलं. पुढे मोकळ्या वेळात बघितलं तर कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती, अचानक मिळालेल्यांना काही फरक पडला नव्हता. आता तुमच्या पालिकेने काय केलंय, तर वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर निकष चिकटवलेत.

चावी_माझ्याकडे
मी दुसऱ्या एका पालिकेत हे सगळं सांभाळतो म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो. तास का मोजतो, तर तासांवर भांडण होत नाही. पहिल्या वर्षी आम्ही समिती नेमली होती, गुणवत्ता बघून ठरवा म्हटलं, तर निवड झाली एका सदस्याच्या मेहुण्याची आणि मग सहा महिने तोंडं फिरलेली. अमेरिकेत २००३ साली राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा स्वयंसेवा पुरस्कार सुरू झाला त्यातही प्रौढांना १०० तासांना कांस्य, १७५ ला रौप्य, २५० ला सुवर्ण असंच ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या देशाला दुसरं काही सुचलं नाही, आम्ही तर तीन माणसांचं ऑफिस.

जुनी_वही
सुचलं की, दुसऱ्या देशाला. ब्रिटनमध्ये २००२ पासून आहे तो राणीच्या नावाचा, आता राजाच्या नावाचा झाला, तो एकट्या माणसाला मिळतच नाही, गटाला मिळतो. गटाला दिलात तर फोनवाल्या ताई आपोआप आल्या.

आडवा_प्रश्न
आणि एकाच शाईवाले गृहस्थ पण आपोआप आले 😀

साधी_सही
मला मिळालाय असा पुरस्कार म्हणून बोलते. पाहुणे दीड तास उशिरा आले, प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलेलं, आणि मी नक्की काय केलं ते स्टेजवर कुणालाच माहीत नव्हतं, निवेदकाने ‘मोलाचे योगदान’ म्हणून सगळ्यांना एकाच वाक्यात उरकलं. खरं सांगू, ते चुकलेल्या आडनावाचं प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. सासूबाई आल्यागेल्याला दाखवतात. त्यामुळे बंद करा म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्या. पण त्याच वर्षी केंद्रावर जायचा-यायचा प्रवासखर्च मागितला तर ‘तरतूद नाही’ असं उत्तर आलं होतं, स्टेजच्या फुलांना तरतूद होती. माझा राग पुरस्कारावर नाहीच, या क्रमावर आहे.

चावी_माझ्याकडे
फुलांचं मान्य. खर्चाचं हेड वेगळं असतं वगैरे सांगत बसत नाही, कारण ते ऐकून मलाही राग येतो.

फिरता_पंखा
बरं, ‘बंद करा’ मागे घेतो, निदान अर्धं. तास काढा, आधी जाहीर करू नका, आणि देताना त्या माणसाने काय केलं ते दोन ओळींत लिहा, एवढं केलं तरी चालेल मला. काल फोनवाल्या ताईंना विचारलं, तुमचं नाव सुचवू का पुरस्काराला. म्हणाल्या, नाव नको, आठवड्यातल्या दोन रात्री फोन कुणीतरी घ्या, मला नातवाचा अभ्यास घ्यायचा असतो. चार वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मी पण नाही.

साधी_सही
मग कोण घेतंय?

फिरता_पंखा
बुधवार आणि रविवार मी. रजिस्टरात मात्र लिहिणार हां.