सेजेस्ताचं अर्धवट देऊळ बघितलं, पायऱ्यांवरच्या त्या गाठी कसल्या?

रानजाई
नमस्कार मंडळी, मी इटलीत आर्किटेक्चर शिकते, दुसरं वर्ष. परवा सिसिलीत सेजेस्ताला जाऊन आले आणि ते देऊळ काही डोक्यातून जात नाहीये. लांबून टेकडीवर दिसलं तेव्हा वाटलं पडकं असणार, जवळ गेले तर ३६ च्या ३६ खांब उभे, वरच्या दगडी तुळया आणि पुढचे-मागचे त्रिकोणसुद्धा जागेवर! पण खांबांमधून आत बघितलं तर गाभारा नाही, छप्पर नाही, गवत आणि वर आभाळ. सर म्हणाले हे पडलेलं नाहीये, पुरंच झालं नाही, इ.स.पू. ५ व्या शतकाच्या शेवटी शेवटी काम थांबलं ते थांबलंच. मला भरून आलं एकदम.
आता प्रश्न. पायऱ्यांच्या दगडांवर चौकोनीसर गाठी पुढे आल्यात, एकेका दगडावर दोन-दोन, त्या कशासाठी? आणि अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या खांबांना उभ्या पन्हळी असतात तशा इथे का नाहीत?

दगडीचाळ
त्या गाठी म्हणजे दगड हलवायची मूठ समज. दगड खाणीतून आणताना, जागेवर बसवताना दोर अडकवायला नाहीतर पहार लावायला मुद्दाम ठेवायचे आणि सगळं बसलं की शेवटी छिन्नीने उडवून पायरी साफ करायचे. तो शेवटचा हात फिरलाच नाही म्हणून तुला दिसल्या. पन्हळींचंही तेच, त्यांच्या कडा इतक्या नाजूक की आधी कोरून खांब चढवले तर टवके उडणार, म्हणून खांब उभा करून मग जागेवरच कोरायचे. पूर्ण झालेल्या देवळात हे काही कळत नाही गं, पाथरवट स्वतःच्या खुणा पुसून जातो. अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं बघितलंयस का? तेही अर्धवट, आणि काम कसकसं चाललं होतं ते तिथेच नीट कळतं.

मीनाताई_ठाणे
एक सांगते, बांधणारे ग्रीक नव्हते बरं का, एलिमियन म्हणजे सिसिलीतलेच जुने स्थानिक लोक, पण देऊळ अस्सल डोरिक, म्हणजे ग्रीकांच्या साध्या-भारदस्त खांबांच्या पद्धतीचं. शेजारच्या सेलिनुन्ते ह्या ग्रीक शहराशी ह्यांचं हाडवैर, म्हणून इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सकडे मदत मागितली. थुसिडिडीस ह्या त्या काळच्या ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय की अथेन्सचे दूत आले तेव्हा ह्यांनी गावातली आणि आजूबाजूच्या गावांतली सोन्याचांदीची भांडी गोळा केली आणि ज्या घरी जेवण असेल त्या घरी तीच मांडली, दूतांना वाटलं घरोघरी केवढी श्रीमंती! पुढच्या वर्षी आरमार आलं तेव्हा तिजोरीत फक्त ३० टॅलंट (चांदी मोजायचं तेव्हाचं मोठं वजन) निघाले. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सची ती सगळी फौज सिसिलीतच संपली. काही जण म्हणतात हे देऊळही दूतांना दाखवायलाच काढलं होतं, मला नाही पटत, नुसत्या देखाव्यासाठी एवढे ३६ खांब कोण उभे करतं?

दगडीचाळ
ताई मलाही नाही पटत. शिवाय आत गाभाऱ्याच्या पायाच्या खुणा सापडल्यात, म्हणजे देऊळ पुरं करायचंच होतं त्यांना.
रानजाई, अजून सिसिलीत असशील तर सेलिनुन्तेजवळची कूझाची खाण चुकवू नकोस. इ.स.पू. ४०९ ला कार्थेजने (आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं तेव्हाचं बलाढ्य शहर) सेलिनुन्ते पाडलं आणि खाणीतलं काम आहे तिथे थांबलं. माणसाहून उंच खांबांचे गोल तुकडे सगळीकडून कापून झालेत, फक्त बुडाशी खडकाला चिकटलेत, आणि भोवतीची चर जेमतेम एक माणूस आत उतरून छिन्नी चालवेल एवढीच.

रानजाई
बापरे, दोघांनाही खूप थँक्यू! आत्ता फोटो झूम करून बघितले, एका पायरीवर ओळीने सहा गाठी आहेत, म्हणजे सलग तीन दगड तसेच राहिलेत, आणि मी त्यावर सावली पडली म्हणून तो फोटो डिलीट करणार होते. शनिवारपर्यंत इथेच आहे, कूझाला कसं जायचं ते हॉस्टेलवर विचारते, चरीत उतरू देत असतील तर उतरून बघणार.