मदत हवी आहे: करारावर सही केली की सार्वभौमत्व कमी होतं का?

मंडळी, एका मुद्द्यावर पार अडकलोय. जाणकारांनी जरा मदत करा.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम 2(7) सांगतं की देशांच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी ढवळाढवळ करू नये. पण त्याच वाक्याच्या शेवटी सातव्या प्रकरणाखालच्या, म्हणजे शांततेला धोका असताना सुरक्षा परिषदेने करायच्या, सक्तीच्या कारवाईला वाट मोकळी ठेवली आहे. ती वाट सगळ्यांसाठी सारखी आहे का? 1986 मध्ये निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या लहान देशाने अमेरिकेविरुद्ध भरलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेच्या विरोधात निकाल दिला. तो पाळावा, असा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा अमेरिकेनेच नकाराधिकार वापरला. ज्याच्यावर ठपका, त्याच्याच हाती किल्ली! हे मला मनापासून खटकतं.

याउलट, ओझोन वाचवण्यासाठीचा 1987 चा माँट्रियल करार जगातल्या सगळ्या देशांनी स्वीकारला. कराराबाहेरच्या देशांशी ओझोनला घातक रसायनांच्या व्यापारावर बंधनं होती, म्हणून तो टिकला असेल का?

1923 मध्ये 'विम्बल्डन' जहाजाच्या खटल्यात त्या काळच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं होतं की करार करण्याचा अधिकार हेच सार्वभौमत्वाचं एक लक्षण आहे. मला ते पटतं. पण बलाढ्य देशाच्या दबावाखाली लहान देशाने केलेल्या सहीलाही ते लागू होतं का? यावर मराठीत काही वाचायला मिळेल का?