मदत हवी आहे: कॅल्सिट्रिऑल चालू असताना ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डी३ कॅप्सूल घ्यावी का?

आईचं वय ७१. मूत्रपिंडाचा जुना आजार आहे, डायलिसिस नाही. किडनीच्या डॉक्टरांनी कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम रोज एक दिलं आहे. आता गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची डी३ कॅप्सूल आणि रोज कॅल्शियमची गोळी लिहून दिली. ही नवीन औषधं अजून सुरू केलेली नाहीत.

औषधाच्या दुकानात विचारलं, ते म्हणाले दोन्ही 'व्हिटॅमिन डी'च, चालेल. मला हे पटत नाही. डी३चं रूपांतर यकृतात आणि मग मूत्रपिंडात होतं, कॅल्सिट्रिऑल मात्र तयार, सक्रिय रूप आहे. त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम झटकन वाढू शकतं. त्यात आईची रक्तदाबाची गोळी हायड्रोक्लोरोथायाझाइडची, तीही कॅल्शियम वाढवते. कॅल्शियम वाढल्याची लक्षणं, म्हणजे मळमळ, बद्धकोष्ठता, जास्त तहान, गोंधळल्यासारखं होणं यांपैकी सध्या काहीही नाही. मागच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम १०.१ आणि २५-हायड्रॉक्सी डी (शरीरातला व्हिटॅमिन डीचा साठा दाखवणारी तपासणी) १४ होतं. पण तो रिपोर्ट कॅल्सिट्रिऑल सुरू होण्याआधीचा, त्यामुळे आज त्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

किडनीच्या डॉक्टरांची वेळ लगेच मिळत नाहीये, फोनवर निरोप ठेवलाय. त्यांना विचारल्याशिवाय काही सुरू करणार नाही, कॅल्सिट्रिऑल बंदही करणार नाही.

इथे कोणी डॉक्टर, फार्मासिस्ट किंवा अशा रुग्णाची काळजी घेणारं असेल तर सांगा: भेटीआधी कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) एवढ्या तपासण्या पुरतील का, आणि दोन्ही औषधं एकत्र द्यायचीच ठरली तर कॅल्शियम किती दिवसांनी पुन्हा तपासतात?