मदत हवी आहे: 'अर्स्ट'चा अर्थ 'सगळ्यात आधी'वरून 'पूर्वी' कसा झाला?

मंडळी, एका जुन्या इंग्रजी शब्दावर अडकलेय. 'अ‍ॅज यू लाइक इट' या शेक्सपिअरच्या नाटकातला एक प्रवेश मराठीत करतेय, त्यात फीबी सिल्व्हियसला म्हणते की तुझी सोबत मला 'अर्स्ट' नकोशी वाटायची पण आता सहन करीन. इथे 'पूर्वी' किंवा 'आधी' बसतं, त्यात शंका नाही.

पण डिक्शनरीत मूळ बघितलं तर हा चक्क सुपरलेटिव्ह (म्हणजे 'सगळ्यात' असा अर्थ देणारं रूप) निघाला, जुन्या इंग्रजीत 'एर' म्हणजे आधी आणि 'एरेस्ट' म्हणजे सगळ्यात आधी. जर्मनमध्ये 'एर्स्टे' अजूनही 'पहिला' याच अर्थाने आहे आणि आपल्या इंग्रजी पेपरात संस्थानांच्या नावाआधी लागणारं 'अर्स्टव्हाइल' (पूर्वीचं) ह्यातूनच आलंय. शेवटचा 'एस्ट' आपल्या ज्येष्ठ, कनिष्ठमधल्या 'इष्ठ'चा सख्खा भाऊ, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला! ज्येष्ठचं पण तसंच झालंय ना, मूळ अर्थ सगळ्यात मोठा पण आपण 'ज्येष्ठ नागरिक' सरसकट म्हणतो.

व्युत्पत्ती मिळालीय, डिक्शनऱ्यांच्या लिंक नकोत. जुनी इंग्रजी मला वाचता येत नाही त्यामुळे उदाहरण दिलंत तर सोबत अर्थ पण लिहा, आणि चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रजी कवीच्या काळातलं असेल तर उत्तमच.

मला एवढंच हवंय की 'सगळ्यात आधी' आणि 'पूर्वी' यांच्या मधली पायरी कोणती, म्हणजे दोन्ही अर्थ लागू शकतील असं एखादं वाक्य कोणाला माहीत आहे का?